तोट्यातल्या दुकानात भागीदारी करावी का?

व्याज नको म्हणून शेअर घ्यायचे, हे नाशिकच्या आपल्या तरुणांमध्ये आता रुळले आहे. शेअर म्हणजे भागीदारी. त्यात मला काही गैर वाटत नाही. पण ऑनलाइन विक्रीची एखादी कंपनी आज तोट्यात आहे, उद्या सोन्याची होईल, म्हणून घरची बचत तिच्यात टाकावी का, असे कुणी विचारले की मी उलट विचारतो: भद्रकालीत कुणी दुकानात भागीदार हो म्हणाले, तर आधी काय मागशील? हिशेबाची वही. मग इथे का नाही?

पुण्याच्या फर्स्टक्रायची वही पाहा. 2023-24 मध्ये तोटा सुमारे 321 कोटी. ऑगस्ट 2024 मध्ये 465 रुपयांनी शेअर विक्रीला आले. जमलेल्या सुमारे 4,194 कोटींपैकी कंपनीकडे 1,666 कोटी गेले. बाकीचे जुन्या भागधारकांना, हिस्सा विकल्याबद्दल. पहिल्या दिवशी भाव 600 च्या वर होता, वर्षभरातच तो 465 च्या खाली आला.

सगळ्यांचे असेच होते असे नाही. झोमॅटोचा 2021 मधला 76 रुपयांचा शेअर वर्षभरात निम्म्याच्या आसपास आला. 2023 मध्ये कंपनी नफ्यात आली आणि थांबलेल्यांचे भले झाले. पण थांबू शकले कोण? ज्यांना त्या पैशांची घाई नव्हती ते. आपल्याकडे तोच पैसा बहिणीच्या फीचा आणि अब्बांच्या ऑपरेशनचा असतो.

सेबीलाही हा धोका ठाऊक आहे. नफ्याची अट पूर्ण न करणाऱ्या कंपनीने पहिल्या विक्रीत किमान 75 टक्के शेअर मोठ्या संस्थांना द्यावेत, किरकोळ गुंतवणूकदारांना 10 टक्क्यांहून अधिक नाही, असा नियम आहे. शरियाची चाळणी धंदा कोणता, व्याजी कर्ज किती हे पाहते. धंदा टिकेल का, हे ती सांगत नाही. हलाल म्हणजे सुरक्षित नव्हे.

शिवाय या तोट्यात ग्राहकाला दिलेली सूटही असते. त्याच सुटीने दूधबाजारातल्या आपल्या चाचांचा गल्ला हलका होतो. म्हणजे एका हाताने घरचे दुकान रिकामे करायचे आणि दुसऱ्या हाताने त्याचा खर्च भरायचा.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: घरची बचत यात घालू नका. हौसच असेल, तर बुडाली तरी घरात कुणाचे काही अडणार नाही एवढीच रक्कम लावा. आणि तीही माहितीपत्रकातल्या दोन गोष्टी वाचून: धंद्यातून रोकड येते की जाते, आणि आपला हिस्सा कोण विकतो आहे.