सातबाऱ्यावरचे ‘महाराष्ट्र शासन’ म्हणजे नेमके कोण?

प्रति,
मा. महसूलमंत्री,
अपर मुख्य सचिव, महसूल व वन विभाग, आणि
जमाबंदी आयुक्त, पुणे

विषय : शासकीय जमिनींच्या नोंदी, विभागवार.
संदर्भ : गाव नमुना सात.

महोदय,

विषय आणि संदर्भ टाकल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही. तहसीलदार म्हणून निवृत्त झालो, पण खोड गेली नाही. नोकरीत कोकण, मराठवाडा आणि पूर्व विदर्भ अशा तिन्ही ठिकाणचे पाणी प्यालो. तिन्हीकडे भोगवटादाराच्या रकान्यात तेच दोन शब्द भेटले : महाराष्ट्र शासन. कायद्याला ते दोन शब्द पुरेसे आहेत. १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे कलम २० सांगते की जे दुसऱ्या कोणाच्या मालकीचे नाही ते शासनाचे. प्रश्न असा, की ते ‘दुसऱ्या कोणाचे नाही’ असे ठरवले कोणी? इथे मुंबई इलाख्याने, तिथे निजामाने, पलीकडे मध्य प्रांताने, आणि मधल्या संस्थानांनी आपापल्या परीने. आपले राज्य १९६० साली झाले; दप्तरे मात्र अजून एक झालेली नाहीत.

पूर्व विदर्भात बदली झाली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तलाठ्याला मी विचारले, “गायरान किती?” तो म्हणाला, “साहेब, गायरान कमी, झुडपी जास्त.” मला वाटले, झाडाझुडपांचे वर्णन करतोय. तो जमिनीचा प्रकार सांगत होता. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांच्या दप्तरात ‘झुडपी जंगल’ ही नोंद मध्य प्रांताच्या काळापासून चालत आली. गावाची गुरे तिथे चरायची, सरपण तिथून यायचे, स्मशान तिथेच असायचे. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली, १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, पण शब्द तसाच राहिला. आणि १९८० च्या वन (संवर्धन) कायद्याने त्यातल्या ‘जंगल’ या अक्षरांना धार आली. ज्या जमिनीवर शाळा, दवाखाने, सरकारी कचेऱ्या आणि हजारो घरे उभी होती, ती कागदावर वन ठरली. त्यातली सुमारे ८६ हजार हेक्टर वनीकरणाला योग्यच नाही, असे शासनच सांगत होते. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : झुडपी जंगल हे वनच. १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांना वाट मोकळी केली, नंतरच्यांची बारकाईने चौकशी. निकालावर मी बोलणार नाही. पण पटवाऱ्याच्या एका जुन्या शब्दावर सहा जिल्ह्यांतली माणसे चार दशके टांगलेली राहतात, याची जबाबदारी न्यायालयाची नाही, आपल्या खात्याची आहे. आणि आपल्या खात्याच्या नावातच ‘महसूल’ व ‘वन’ हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत, याची मुद्दाम आठवण करून देतो.

त्याच विदर्भात एक चांगली गोष्टही आहे, तिकडे मुंबई-पुण्याचे लक्ष जात नाही. संहितेची १६० ते १६७ ही कलमे फक्त विदर्भाला लागू आहेत. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. गावाने पडीक जमिनीतून काय घ्यावे, गुरे कुठे चारावी, लाकूडफाटा कुठून आणावा, याची लेखी सोय. मालकी शासनाची आणि वापर गावाचा, असे दोन्ही एकाच कागदावर मावू शकते, याचा हा पुरावा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तो नव्या कायद्याने मिळाला हे खरे, पण निस्ताराची आठवण तिथे जिवंत होती म्हणून तो मागायची भाषाही लोकांच्या तोंडी होती, असे माझे मत आहे. शेजारच्या वऱ्हाडात गेलात तर याच पडीक जमिनीला ‘ई-क्लास’ म्हणतात. शब्द बदलला की फाईल बदलते, आणि फाईल बदलली की हक्क.

मराठवाड्याची गोष्ट वेगळी. तिथे गायरान म्हणजे गुरांचे रान एवढेच नव्हे. ते भूमिहीनांचे शेत आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ ला आणि पुन्हा १९६४-६५ ला भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, तेव्हापासून कित्येक दलित कुटुंबांनी गायरान नांगरून पोट भरले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करायची ठरली. १४ एप्रिल ही तारीख बोलकी आहे, अंमलबजावणी नाही. गाव नमुना १-ई ही अतिक्रमणांची नोंदवही. त्यात नाव चढणे म्हणजे गुन्हेगार ठरणे, आणि तेच नाव वर्षानुवर्षे चढलेले असणे म्हणजे हक्काचा पुरावा. एकाच ओळीचे हे दोन अर्थ. म्हणून लोक तलाठ्याकडे येऊन “साहेब, आमचं अतिक्रमण लिहा” अशी विनवणी करत, हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे सांगितले तर तो हसतो.

दक्षिण कोकणात उलट. तिथे सरकारी वनच थोडे. खोताची, कुळाची, वरकस अशी खाजगी जमीन जास्त. शासन मालक झाले ते उशिरा : १९४९ च्या खोती निर्मूलनानंतर, आणि मग ३० ऑगस्ट १९७५ ला खाजगी वने संपादन कायद्याने. कोणाला वन कायद्याच्या ‘३५ सेक्शन’ची नोटीस मिळाली, कोणाला मिळालीच नाही, पण सातबाऱ्यावर शेरा पडला. आंबोली, चौकुळ, गेळे या गावांचे तर आणखी निराळे. सावंतवाडी संस्थानाच्या काळापासून गावकरी कबुलायत देऊन जमीन सामाईक कसत होते. पुढे सातबाऱ्यावर नाव लागले महाराष्ट्र शासनाचे. तो गुंता सोडवायच्या घोषणा किती झाल्या, हे मी मोजायचे सोडले. मुंबईबद्दल एकच वाक्य पुरे. तिथली बंदराची आणि मिठागरांची बरीच जमीन राज्याची नसून केंद्राची, त्यामुळे ‘सरकारी’ म्हटले की कोणते सरकार, हेही विचारावे लागते.

हे सगळे आत्ता का लिहितोय? कारण २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने गायरानांवरील अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली, दोन लाखांहून अधिक बांधकामांचा आकडा पुढे आला, आणि राज्यभर एकाच मसुद्याच्या नोटिसा सुटल्या. धनदांडग्याचा ढाबा आणि १९९१ च्या निर्णयात बसणाऱ्या बाईची झोपडी, दोघांना तोच कागद. दुसरीकडे सौर कृषी वाहिनी योजनेसाठी जमीन हवी म्हटल्यावर संगणकावर ‘महाराष्ट्र शासन’ असे शोधले की यादी तयार. ढाबे हटवायला माझा विरोध नाही आणि सौर पॅनेलना तर मुळीच नाही. पण सातबारा संगणकावर चढवताना मूळ कागदावरचे बारीक शेरे गळाले, हे गावोगाव ऐकू येते आणि मी स्वतः काही ठिकाणी ताडून पाहिले आहे. निस्ताराचा उल्लेख नाही, कबुलायतीचा नाही. उरले फक्त मालकाचे नाव, आणि ते तर सगळीकडे सारखेच.

म्हणून मागणी एवढीच. शासनाच्या नावावरच्या प्रत्येक गटाच्या ‘इतर हक्क’ रकान्यात ती जमीन शासनाकडे कोणत्या कायद्याने, कोणत्या साली आणि कोणाकडून आली ते लिहा. निस्तार पत्रक, १९९१ च्या निर्णयाखालचे प्रलंबित अर्ज, सामूहिक वनहक्क यांची नोंद तिथेच घ्या. हे होईपर्यंत त्या गटाची ना नोटीस काढा, ना वाटप करा. एका जिल्ह्यापासून सुरुवात करा. मी म्हणेन, गोंदिया.

काम किचकट आहे, जाणतो. कोकणातले जुने कागद मोडीत सापडतील, मराठवाड्यातले उर्दूत, आणि पूर्व विदर्भातल्या बाळबोध अक्षरात निम्मे शब्द हिंदी निघतील. मला मोडी येते. हिंदी समजते. उर्दूसाठी दुसरा कोणी पाहावा लागेल. मानधन नको, फक्त अभिलेख कक्षाची किल्ली वेळेवर मिळावी.

आपला,
एक निवृत्त तहसीलदार