निर्जन रानाची थाप

सह्याद्रीचे सौंदर्य प्रथम साहेबाने पाहिले आणि मग ते आम्हांस दाखविले, हे मत आमच्या कलाविषयक लेखनात इतक्या वेळा येऊन गेले आहे की ते केवळ एक मत आहे याचाच लोकांस विसर पडला आहे. गाथासप्तशतीत डोंगर आहेत, नद्या आहेत; परंतु चित्रांत त्या आल्या डॅनियल काकापुतण्यांबरोबर, असा हा युक्तिवाद. यातील पहिला भाग चुकीचा आहे. दुसरा अधिक घातक आहे, कारण साहेबाने दाखविलेले आम्ही खरे मानून बसलो.

हा साहेबी डोळा कसा पाहतो हे समजण्यास त्याचा ठळक नमुना घ्यावा, आणि तो अमेरिकेत सापडतो. टॉमस कोल याने 1836 साली काढलेले 'द ऑक्सबो' हे चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे. मॅसॅच्युसेट्स प्रांतातील होलिओक डोंगरावरून दिसणारे कनेटिकट नदीचे वळण हा त्याचा विषय. डावीकडे वादळाने झोडपलेले, मोडक्या खोडांचे रान. उजवीकडे उन्हात न्हालेली चौकोनी शेते. खाली खडकांच्या आडोशास चित्रकार स्वतः बसला असून मान वळवून प्रेक्षकाकडे पाहत आहे. चित्र थोर आहे, हे निःशंकपणे कबूल केले पाहिजे. त्या काळ्या ढगाखालील ओलसर हिरवा रंग साधणे येरागबाळ्याचे काम नव्हे. पण चित्र डावीकडून उजवीकडे वाचले म्हणजे त्याचे म्हणणे असे निघते की, येथे आधी केवळ रान होते, आणि मग शेती आली. वस्तुतः इंग्रज येण्यापूर्वी त्या खोऱ्यात नोनोटक लोक मका पिकवीत होते. चित्रात त्यांस रानातही जागा नाही आणि शेतातही नाही. 1830 साली अमेरिकेने मूळच्या जमातींस मिसिसिपी नदीपलीकडे घालविण्याचा कायदा केला, 1838 साली चेरोकी लोकांची वाताहत होऊन त्यांतील हजारो वाटेतच मेले. आणि याच दशकात हे निर्मनुष्य अरण्य रंगत होते. कोलने कोणाचे घर जाळले असा आमचा आरोप नाही. जे घर चित्रात नाही ते जाळल्याचे कोणास वाईट वाटत नाही, इतकेच.

चित्रातून कायदाही निघतो. 1871 साली टॉमस मोरन हा चित्रकार सरकारी पाहणीबरोबर यलोस्टोनला गेला. 1872 साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्याच साली अमेरिकन काँग्रेसने मोरनचे प्रचंड चित्र दहा हजार डॉलरांस विकत घेतले. तेथील शोशोनी लोकांस पुढे काही वर्षांतच बाहेर काढण्यात आले. गंमत अशी की, असे उद्यान असावे ही कल्पना जॉर्ज कॅटलिन या चित्रकाराने पूर्वीच मांडली होती आणि तीत माणसांसही स्थान होते. (त्यांस प्रदर्शनातील वस्तूंप्रमाणे ठेवण्याचा त्याचा विचार होता ही गोष्ट निराळी.) लोकांनी उद्यान उचलले आणि माणसे गाळली.

आता आमच्या ठाण्याकडे पाहू. डिसेंबर 1774 मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. 1782 च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. आणि 1793 साली टॉमस व विल्यम डॅनियल तेथे चित्रे काढण्यास उतरले. क्रम ध्यानात ठेवावा. त्यांच्या 'ओरिएंटल सीनरी' या 144 चित्रांच्या ग्रंथमालेत साष्टीची लेणी आहेत. त्यांत माणसे मुळीच नाहीत असे नाही. परंतु ती खांबाची उंची कळावी म्हणून उभी केलेली. पडझड, वेली, छाया, एकांत यांचीच तेथे मातब्बरी. ज्या कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत, जेथे टाक्यांतून पावसाचे पाणी साठविण्याची व्यवस्था डोंगरभर केलेली आहे, त्या गजबजलेल्या स्थळाचे त्यांनी रम्य ओसाड करून टाकले. त्यांचा स्नेही जेम्स वेल्स हाही याच डोंगरांत राबला. 1795 साली ठाण्यासच त्याचा अंत झाला असे मानतात. त्याच्या चिकाटीस आमचा नमस्कार असो. पण त्याच्या हाताखाली आणि रेसिडेंट मॅलेट याच्यासाठी वेरूळची लेणी रेखाटणारा पुण्याचा गंगाराम तांबट आमच्या किती वाचकांस ठाऊक आहे? प्रथम साहेबाने पाहिले म्हणणाऱ्यांनी हे नाव एकदा तरी घ्यावे.

आणि वारली? जुन्या ठाणे जिल्ह्यातील या लोकांच्या सवाशिणी लग्नाचा चौक गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढीत आल्या आहेत. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी तीच लेखनरीती कागदावर आणून जगास दाखविली. या चित्रांत क्षितिज नाही. झाड, मुंगी, ताडी काढणारा, तारप्याभोवती नाचणारे, सारे एकाच भिंतीवर आणि एकाच पिठाचे. यास निसर्गचित्र म्हणता येत नाही, कारण यथार्थदर्शन नाही, असा आक्षेप येतो. यथार्थदर्शनास एका ठिकाणी उभा राहून पाहणारा लागतो. जो त्याच रानात लाकडे वेचतो त्याने कोठे उभे राहावे? ज्या वर्षी, म्हणजे 1945 साली, हेच वारली वेठबिगारीविरुद्ध उठले, त्या वर्षी पुष्कळांस प्रथमच कळले की ठाण्याच्या रानात माणसे राहतात.

हा वाद केवळ चित्रांचा असता तर इतकी शाई खर्चिली नसती. कान्हेरी आणि येऊर आज ज्या राष्ट्रीय उद्यानात आहेत त्याची कल्पना यलोस्टोनचीच. 1997 साली मुंबई उच्च न्यायालयाने उद्यानातील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. तेव्हापासून पाड्यांतील वारल्यांस आपण अतिक्रमक नव्हे हे सिद्ध करीत बसावे लागले आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानेही ही यातायात संपलेली नाही. त्याच डोंगराच्या पोटातून ठाणे–बोरिवली बोगदा काढण्याचे 2024 साली भूमिपूजन झाले, त्यास मात्र अतिक्रमण म्हणण्याची सोय नाही. घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या इमारतींचे जाहिरातफलक पाहावेत: हिरवा डोंगर, थोडे धुके, आणि कोल जेथे खडकाआड बसला होता तेथे चहाचा पेला घेतलेले जोडपे. पाडा नाही, चुलीचा धूर नाही, डोक्यावर मोळी नाही.

आमची मागणी लहान आहे. साष्टीच्या डोंगरांचे जुने चित्र येथील प्रदर्शनात टांगले जाईल तेव्हा खाली चित्रकाराचे नाव आणि साल लिहितातच. त्याशेजारी पाटोणपाडा, जांभूळपाडा, आणि त्या रांगेत जे जे पाडे असतील त्यांचीही नावे लिहावीत. दोन ओळींचे काम आहे.