बोलावण्याची वाट पाहणे हीही ड्युटीच!
पूर्वी कॉल बॉय ड्रायव्हरच्या दारात येऊन बुकात सही घेई. आता मोबाईल वाजतो. माणूस मात्र बांधलेलाच. राखीव वैमानिकाचेही तेच. अमेरिकेत २०१४ पासून विमानतळावर राखीव थांबलेल्या वैमानिकाचा सगळा वेळ ड्युटीत धरतात. घरून झटपट हजर होणाऱ्याला सलग १४ तासांहून जास्त बांधून ठेवता येत नाही. आपल्याकडे डिसेंबर २०२५ मध्ये नव्या विश्रांती-नियमांना पुरतील इतके वैमानिक इंडिगोकडे नव्हते. हजारो उड्डाणे रद्द झाली आणि सवलत मिळाली ती कंपनीला! भरती टाळून विश्रांती कापणे हा उपाय नव्हे. ताबडतोब हजर व्हा म्हणणाऱ्याने थांबण्याचे तासही मोजावेत. म्हैसूरच्या रेल्वे लॉबीत काय, मंडकळ्ळी विमानतळावर काय, मागणी एकच!