जुना ट्रॅक्टर आणि श्रावकाचे अंगण

इचलकरंजीच्या एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत, ओहायो राज्यात स्थायिक आहे. त्याने २५० डॉलरला एक बंद पडलेला, गंजलेला बागेचा ट्रॅक्टर विकत घेतला असून सुट्टीचा सारा दिवस तो त्याच्या दुरुस्तीत घालवतो. मातोश्रींचे प्रश्न दोन. भंगारात पैसा घालणे हा कोणता व्यवहार? आणि ज्या यंत्राने गवत कापायचे, ते जैन घराला शोभते काय? पहिला प्रश्न पेढीचा आहे, दुसरा धर्माचा.

माझी उमेद ऑइल इंजिनांच्या सुट्या भागांच्या व्यापारात गेली. त्यामुळे जुन्या यंत्राचा मला तिटकारा नाही, हे आधीच सांगून टाकतो.

छायाचित्रावरून तो ट्रॅक्टर ‘कब कॅडेट’ दिसतो. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने तो १९६१ साली बाजारात आणला. याच कंपनीच्या सहकार्याने महिंद्रांनी १९६३ मध्ये भारतात ट्रॅक्टरचा उद्योग उभारला आणि पुढे तिचाच बी-२७५ आपल्या शिवारात आला. म्हणजे हे यंत्र अगदी परक्या कुळातले नव्हे. त्याचे इंजिन सात अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे, कोहलर कंपनीचे. आपल्या शहरांतील दुकानांत ज्या नावाचे नळ आणि बेसिन मांडलेले असतात, तेच हे कोहलर. इंजिनाचा ठोकळा ओतीव लोखंडाचा असतो. सिलिंडर झिजला तर बोअर वाढवून मोठा पिस्टन बसवता येतो. यंत्र दुरुस्त होण्यासाठीच घडवले होते, म्हणून ते दुरुस्त करणे हा वेडेपणा ठरत नाही.

मात्र २५० डॉलर ही केवळ खरेदी झाली. टायर, बॅटरी, पट्टे, कार्ब्युरेटरचे भाग, रंग हे सारे मिळून प्रत्यक्ष पडलेली किंमत वेगळीच निघते. मुलाने या कामाचे स्वतंत्र खाते घालावे आणि प्रत्येक स्क्रूही त्यात लिहावा. खरा धोका पुढेच आहे. एका ट्रॅक्टरचे भाग मिळावेत म्हणून दुसरा घेतला जातो, दुसऱ्यासाठी तिसरा, आणि अंगणात पडून राहिलेल्या मालाची रांग लागते. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या ‘मूर्च्छा’ या शब्दाने केली आहे. तिसरा ट्रॅक्टर घरी आणणाऱ्यास तो शब्द समजावून सांगावा लागत नाही. एकच यंत्र, ते पूर्ण करून वापरायचे किंवा विकायचे, अशी मर्यादा त्याने आजच घालून घ्यावी.

आता धर्माचा प्रश्न. तो गवतापूर्वीच, इंजिनापाशी सुरू होतो. हे इंजिन हवेने थंड होते. फ्लायव्हीलचा पंखा पत्र्याच्या आवरणाखालून सिलिंडरच्या पात्यांवर वारा ढकलतो. बंद ट्रॅक्टरमध्ये नेमकी तीच ऊबदार, अंधारी जागा उंदरांना घरट्यासाठी आवडते. वाळके गवत आणि आसनातील फोम आणून ते तेथे बिऱ्हाड थाटतात. आवरण न उघडता इंजिन सुरू केले, तर आतील जीव जातात आणि वाऱ्याची वाट बुजलेली असल्याने इंजिनही तापून बिघडते. येथे जीवदया आणि यंत्राची काळजी या एकाच क्रिया आहेत. पिल्ले आढळली तर तीन-चार आठवडे थांबावे, तेवढ्यात ती आपली आपण वावरू लागतात. तोवर ठिणगीच्या पॉइंटांची फट साफ करून अर्ध्या मिलिमीटरला लावणे, टाकीतील चिकट झालेले जुने पेट्रोल काढणे अशी कामे करता येतात. मात्र तीही घरट्याला धक्का न लागेल अशाच भागांची निवडावीत. रिकामे झालेले घरटे कोरडे झाडू नये. तिकडच्या रानउंदरांच्या विष्ठेतून हंटा विषाणूचा घातक रोग होतो, म्हणून हातमोजे घालून, जंतुनाशकाने भिजवूनच ते पुसून काढावे.

आणि गवत? तेथील अनेक गावांत ते ठरावीक उंचीपेक्षा वाढू देत नाहीत, दंड होतो. मग कापणारा माणूस बोलवावा, आपले हात स्वच्छ राहतील, असे पुष्कळ घरांत म्हटले जाते. मला हे पटत नाही. कृत, कारित, अनुमोदित असे तीन भेद आपण लहानपणी पाठ केले. पैसे देऊन करवून घेतलेले कारितच. गृहस्थाला संकल्पी हिंसा सर्वथा वर्ज्य आहे. आरंभी हिंसा पूर्ण टळत नाही, ती यत्नाचाराने कमी करायची असते. मोलाने आलेला माणूस दहा अंगणे उरकण्याच्या घाईत असतो. स्वतः यंत्र चालवणारा थांबू शकतो.

कापण्यापूर्वी त्याने सारे अंगण पायी फिरून पाहावे. तिकडचे ससे उघड्या हिरवळीतच उथळ खळगा करून पिल्ले ठेवतात आणि वर गवत-केसांचे पांघरूण घालतात. मादी दिवसा जवळ नसते, म्हणून जागा ओस वाटते. तेवढा तुकडा खुंट्या रोवून सोडून द्यावा. ही पिल्लेही सुमारे तीन आठवड्यांत निघून जातात. पाते शक्य तितके उंच ठेवावे. ज्या घरात अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी चिरत नाहीत, त्या घराने त्या दिवशी हिरवळही कापू नये.

हिवाळ्यात कापण्याचा प्रश्नच उरत नाही. तेव्हा याच ट्रॅक्टरच्या पुढे बर्फ सारण्याचे पाते लावून शेजारच्या वृद्धांची वाट मोकळी करता येते. ते पाते मुलाला ट्रॅक्टरसोबत मिळाले आहे की नाही, हे छायाचित्रात दिसत नाही. मातोश्रींनी विचारून घ्यावे.