निविदा उघडल्यानंतरचे काय?

हिवरे बाजारची ग्रामसभा दरवर्षी पडलेला पाऊस मोजते, पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पिके ठरवते. हिशेब चारचौघांत होतो, म्हणून तो पाळला जातो. त्याच तालुक्यातून निघणाऱ्या नगर-मनमाड रस्त्याच्या वाट्याला असा उघडा हिशेब आलेला नाही. ठेकेदार बदलले, खड्डे तेच राहिले. जिल्ह्यातील रखडलेल्या महामार्गांसाठी तत्कालीन आमदार नीलेश लंके डिसेंबर २०२२ मध्ये उपोषणाला बसले. कंत्राटातील कलमांनी करायचे काम उपोषणाने करावे लागते, तेव्हा दोष केवळ ठेकेदाराचा नसतो.

अंदाजपत्रकापेक्षा बऱ्याच ‘बिलो’ दराने काम घ्यायचे आणि मग खडी-डांबरात किंवा मुदतीत ते वसूल करायचे, ही रीत जुनी आहे. सर्वांत कमी दराच्या निविदेलाच काम देण्याचा नियम वशिलेबाजी रोखतो, हा युक्तिवाद खरा आहे. तो नियम सरसकट मोडू नये. केंद्रीय अर्थ खात्याने ऑक्टोबर २०२१ मध्ये ठरावीक कामांत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भारांक द्यायला मुभा दिली, पण गुण देणाराही माणूसच असतो. त्यामुळे खरी लढाई कार्यादेशानंतरची आहे. मोजमाप पुस्तिका, दिलेली मुदतवाढ आणि आकारलेला दंड दरमहा जाहीर व्हावा. लोकांना तांत्रिक बाबी कळत नाहीत, असे अधिकारी म्हणतील. पाण्याचा ताळेबंद वाचणाऱ्या गावाला डांबराच्या थराची जाडी नक्कीच कळेल.