मुद्दलाला हात

सात-आठशे मीटरांखालील समुद्रात काळोख, थंडी आणि अन्नाची टंचाई. तेथे वाढ सावकाशच व्हायची. न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियाच्या सागरांतील 'ऑरेंज रफी' हा नारिंगी मासा याचे ठळक उदाहरण होय. त्याच्या कानातील चुनखडीच्या खड्यावर, झाडाच्या खोडात असतात तशी, वर्षावर्षाची वलये उमटतात. ती मोजता आढळले, की हा हातभर मासा शंभराहून अधिक वर्षे जगतो. आणि प्रजननक्षम होण्यासच त्याला सुमारे तीस वर्षे लागतात!

हिवाळ्यात हे मासे समुद्रतळाच्या डोंगरांभोवती झुंडीने अंडी घालण्यास जमतात. नेमके तेच त्यांच्या मुळावर आले. १९७९ च्या सुमारास न्यूझीलंडजवळ मोठी मासेमारी सुरू झाली, तेव्हा त्यांच्या या दीर्घायुष्याची कल्पना नव्हती. जाळी टनावारी भरू लागली. पणजोबांच्या वयाचे मासे गेले. त्यांची जागा घेणारी पिढी मात्र अजून बाल्यातच होती. साठे झपाट्याने घटले, आणि २००६ साली ऑस्ट्रेलियाला या माशाची नोंद संरक्षणावाचून न टिकणाऱ्या जातींत करावी लागली.

वाचकहो, व्याज खावे, मुद्दलाला हात लावू नये, हा आपला घरोघरचा हिशेब. जेथे व्याजच तीस वर्षांनी हाती यायचे, तेथे घाई करून कसे चालेल?