घटस्फोटाचे दप्तर आणि अब्रूचा पडदा

घटस्फोट ही दोन माणसांची खासगी बाब आहे, तिच्याशी तिऱ्हाइताला काय कर्तव्य, असा प्रश्न सुशिक्षित मंडळी अलीकडे मोठ्या आत्मविश्वासाने विचारीत असतात. प्रश्न सभ्य आहे; आणि सभ्य प्रश्नांची उलटतपासणी सहसा कोणी करीत नाही. ती येथे करावयाची आहे. आमचे म्हणणे असे की, विवाह मोडला ही गोष्ट खासगी नव्हे. तो का व कसा मोडला हा मजकूर मात्र बहुतांशी खासगी होय. हा भेद न ओळखल्यामुळे एक पक्ष सगळेच दप्तर कुलुपात घालू पाहतो, दुसरा ते सगळेच बाजारात मांडू पाहतो, आणि ज्याला त्यातील एका कागदाची खरोखर गरज आहे तो या दोघांच्या मध्ये भरडला जातो.

या वादासाठी अमेरिकेचे उदाहरण घेणे सोयीचे आहे. तेथील न्यायदप्तर उघडे ठेवण्याची परंपरा जुनी आहे, आणि आपल्याकडील पुष्कळ मुलेमुली तेथे नांदत असल्यामुळे त्या दप्तराशी आपला प्रत्यक्ष संबंधही येतो. तेथे घटस्फोट देण्याचे काम मध्यवर्ती सरकारची न्यायालये करीत नाहीत. ते घटकराज्यांच्या न्यायालयांचे काम आहे. म्हणून साऱ्या देशाची मिळून अशी एक नोंदवही कोठेच सापडावयाची नाही. कागद राहतो तो ज्या काउंटीत, म्हणजे स्थूलमानाने आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात, दावा चालला तेथील न्यायकचेरीत. लग्न कोठे लागले याला येथे महत्त्व नाही. शोधणाऱ्याने उभयतांची पूर्ण नावे, पत्नीचे माहेरचे आडनाव व निकालाचे अदमासे वर्ष घेऊन दप्तरदाराकडे जावे किंवा टपालाने अर्ज करावा. सूचीत नाव मिळाले की दाव्याचा क्रमांक मिळतो, आणि क्रमांकावरून, शुल्क भरल्यावर, साधी अथवा सहीशिक्क्याची नक्कल मागता येते. जुने कागद दूरच्या कोठारात किंवा सूक्ष्मपटांवर ठेविलेले असले तर काही दिवस वाट पाहावी लागते, इतकेच.

येथे पुष्कळांची एक फसगत होते. राज्याच्या आरोग्यखात्याकडे अर्ज केला की काम झाले, असे त्यांना वाटते. परंतु टेक्सासचे खाते 1968 पासूनच्या व इलिनॉयचे 1962 पासूनच्या घटस्फोटांबद्दल ‘अशी नोंद आहे’ एवढाच दाखला देते. कॅलिफोर्नियाच्या खात्याकडे तर 1962 ते जून 1984 एवढ्याच काळाचे दाखले आहेत. प्रत्यक्ष हुकूमनामा, म्हणजे कोणत्या कारणास्तव, कोणाच्या हजेरीत व कोणत्या अटींवर विवाह संपला हे सांगणारा कागद, काउंटीच्या कचेरीवाचून अन्यत्र मिळत नाही.

आता दप्तर बंद करू पाहणाऱ्यांचे म्हणणे ऐकू. त्यांचा युक्तिवाद पोकळ नाही. ऱ्होड आयलंड येथील न्यायालयाने 1893 साली एका घटस्फोटाचा तपशील छापू पाहणाऱ्या बातमीदाराला मनाई केली. आणि 1978 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, न्यायदप्तर पाहण्याचा लोकांचा सामान्य हक्क मान्य करतानाच, तो निरपवाद नसून खासगी द्वेष शमविण्यासाठी त्याचा वापर होऊ देता येत नाही, असे सांगितले. 2004 साली सिनेटच्या निवडणुकीस उभे राहिलेले जॅक रायन यांच्या घटस्फोटाच्या प्रकरणातील मोहरबंद कागद, उभयतांचा विरोध असता, वृत्तसंस्थांच्या अर्जावरून लॉस एंजेलिस येथील न्यायाधीशाने उघडे केले. उमेदवाराने माघार घेतली; पण ज्या लेकराच्या ताब्यासंबंधीचे ते कागद होते त्याने निवडणूक थोडीच लढविली होती? या प्रकारास आम्हीही अन्यायच म्हणू.

परंतु त्यावर उपाय म्हणून सारे दप्तरच बंद करणे म्हणजे विहिरीत कोणी पडला म्हणून गावचे पाणी तोडण्यासारखे आहे. न्यूयॉर्कच्या कायद्याने याहून शहाणा मार्ग काढला आहे. तेथे वैवाहिक दाव्याचे कागद शंभर वर्षेपर्यंत पक्षकार व त्यांचे वकील यांखेरीज, न्यायालयाच्या हुकुमावाचून, कोणास पाहता येत नाहीत. मात्र दाव्याचा शेवट काय झाला एवढा दाखला कोणाही माणसाने मागितला तरी दप्तरदारास द्यावा लागतो. कलह झाकला, निकाल झाकला नाही. समाजाला निकालाचीच गरज असते. कारण विवाहाने वारसा, मुलांचे नाते व पुनर्विवाहाचा अधिकार ठरतो, आणि या गोष्टी दोघांच्या नसून अनेकांच्या आहेत. आपल्याकडे ज्या जातींत काडीमोड होत असे त्यांतही ती पंचांसमक्ष होई, हे विसरू नये. मोडलेले लग्न चारचौघांना ठाऊक असावे ही काही पाश्चात्त्य फॅशन नव्हे.

हुकूमनामा न पाहता अंदाजाने चालले म्हणजे काय होते, याचे उदाहरण अमेरिकेच्या इतिहासातच आहे. अँड्र्यू जॅक्सन पुढे त्या देशाचा अध्यक्ष झाला. त्याआधी तो वकील होता. त्याची पत्नी रेचेल हिच्या पहिल्या नवऱ्याने 1790 साली व्हर्जिनियाच्या विधिमंडळाकडून घटस्फोटाचा दावा लावण्याची केवळ परवानगी मिळविली होती. घटस्फोटच झाला असे समजून जॅक्सन व रेचेल 1791 साली विवाहबद्ध झाले, असे त्याच्या पक्षाचे सांगणे होते. प्रत्यक्षात केंटकीमधील मर्सर काउंटीच्या न्यायालयाने निकाल दिला तो 1793 साली. आणि जानेवारी 1794 मध्ये या जोडप्याला पुन्हा लग्न लावावे लागले. 1828 च्या निवडणुकीत विरोधकांनी या चुकीवरून रेचेलला नाही नाही ते ठरविले, आणि नवरा निवडून आल्यावर, त्याने अधिकारसूत्रे घेण्यापूर्वीच, डिसेंबरात ती वारली. कोणी म्हणेल, पाहा, दप्तरानेच घात केला! आम्ही म्हणतो, दप्तराने नव्हे, ते वेळेवर न पाहिल्याने. कायदा जाणणाऱ्या माणसाने ऐकीव गोष्टीवर संसार मांडला, आणि त्याची किंमत भरली ती त्याच्या बायकोने.

दुसरा पक्ष बाजारवाल्यांचा. सरकारी नोंदी घाऊक गोळा करून, पैसे टाकील त्याला कोणाचेही पूर्वायुष्य काढून देण्याचा धंदा आज तेथे भरभराटीस आला आहे. त्याला ‘उघडे दप्तर’ हे गोंडस नाव देण्यात येते. पण हा उघडेपणा निराळ्या जातीचा आहे. कचेरीच्या खिडकीशी जाणाऱ्याला नाव, काउंटी व वर्ष ठाऊक असावे लागते, अर्ज लिहावा लागतो, थांबावे लागते. एवढा खटाटोप ज्याला काम आहे तोच करतो, निव्वळ कुतूहलाने आलेला माणूस वाटेतूनच परततो. शिवाय या दुकानांतून मिळणारी माहिती ही दप्तराची नक्कल नव्हे. तिच्यावर सही नाही, शिक्का नाही, आणि सारख्या नावाच्या भलत्याच माणसाच्या गळ्यात ती कधी पडेल याचा नेम नाही. लोकांच्या हक्कासाठी ठेविलेली खिडकी या धंद्याला घाऊक मालाचे गोदाम म्हणून वापरू देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

राहता राहिले आपले स्वतःचे घर. परदेशातील स्थळ आले म्हणजे आपण पत्रिका पाहतो, पगार विचारतो, तेथील वास्तव्याचा परवाना कोणत्या प्रकारचा आहे याची बारकाईने चौकशी करतो. पूर्वी लग्न झाले होते, आता ‘सगळे मिटले आहे’, असे मुलाकडच्यांनी सांगितले की मात्र आपल्या तोंडाला कुलूप बसते; कागद मागणे आपणास अपमानास्पद वाटते. या भिडेचा परिणाम काय होऊ शकतो ते 1991 साली आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात दिसते. नवऱ्याने मिसूरी राज्यातील सेंट लुई काउंटीच्या न्यायालयातून 1980 साली घटस्फोट मिळविला व 1981 साली दुसरे लग्न केले. पहिल्या पत्नीने द्विभार्येची फिर्याद केली. न्यायालयाने सांगितले की, ज्या कायद्याने लग्न लागले त्या कायद्यात नसलेल्या कारणावर, पत्नीने त्या न्यायालयाचा अधिकार मान्य केलेला नसता दिलेला हा हुकूमनामा भारतात चालणार नाही. इतकेच नव्हे, तर त्याची दाखल केलेली नक्कलही, भारत सरकारच्या तेथील प्रतिनिधीचे प्रमाणपत्र जोडलेले नसल्यामुळे, पुराव्यात घेता येणार नाही. म्हणजे ‘घटस्फोट झाला आहे’ हे वाक्य अक्षरशः खरे असूनही दुसरे लग्न अधांतरी लोंबकळत राहू शकते. हे आरोग्यखात्याच्या दाखल्यावरून कळत नाही, मध्यस्थाच्या शब्दावरून तर नाहीच नाही. हुकूमनामा वाचूनच कळते.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. पूर्वीचा विवाह मोडलेल्या वराकडे किंवा वधूकडे हुकूमनाम्याची सहीशिक्क्याची नक्कल उघडपणे मागावी, आणि ती जाणत्या वकिलाकडून वाचून घ्यावी. न्यूयॉर्कसारखे कडक राज्य असले तरी पक्षकाराला स्वतःला ती मिळण्यास अडचण नाही; ज्याला लपवावयाचे नाही त्याला एक अर्ज व थोडे शुल्क एवढाच त्रास. भांडणाचे कारण विचारू नये. ते त्या दोघांपाशीच राहू द्यावे. परंतु जो निकाल दाखविण्यासही तयार नाही, त्याच्या अब्रूची काळजी वाहण्यापूर्वी आपल्या मुलीच्या भवितव्याची काळजी वाहणे, हे आईबापांचे पहिले कर्तव्य होय.